ज्वारी घरची, गिरणी गव्हाची

अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे धान्याच्या बाजाराचे गाव. सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे, कर्नाटकच्या सीमेला लागून असलेले, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे. बाजार समितीत तूर, उडीद, हरभऱ्याची पोती आणि घराघरांत ज्वारीची भाकरी. कन्नड बोलणाऱ्या घरात तीच जोळद रोट्टी. अशा गावात डॉक्टरांनी एखाद्या मुलाला ‘आयुष्यभर गहू बंद’ असे लिहून दिले की घरच्यांचे पहिले वाक्य ठरलेले असते : ‘त्यात काय, आपण भाकरीच तर खातो.’ दुसरे वाक्य सहा महिन्यांनी येते : ‘भाकरीच देतोय, तरी रिपोर्ट का सुधारत नाही?’

या दोन वाक्यांच्या मध्ये काहीतरी हुकलेले असते. ते बहुतेक वेळा ताटात नसून गिरणीत, चाळणीत आणि डब्यात असते.

आजार कोणता?

गहू, सातू (जव) आणि राय या धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. बहुसंख्य लोकांना त्याचा काही त्रास नाही. मात्र ‘सिलिअॅक’ हा आजार असलेल्यांच्या शरीरातील प्रतिकारशक्ती ग्लूटेनमुळे भडकते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतील बाजूला मखमलीसारखे असंख्य बारीक उंचवटे असतात. अन्नरस शोषण्याचे काम त्यांच्याकडे असते. ते झिजून सपाट होतात. मग पोटभर खाऊनही अंगी लागत नाही.

लहान मुलांत वारंवार जुलाब, फुगलेले पोट, वजन व उंची न वाढणे अशी लक्षणे दिसतात. मोठ्यांत हा आजार अधिक लपून राहतो. गोळ्या घेऊनही न वाढणारे हिमोग्लोबिन, ठिसूळ हाडे, वारंवार येणारे तोंड, वंध्यत्व यांच्यामागेही तो असू शकतो. टाइप १ मधुमेह किंवा थायरॉइडचा आजार असणाऱ्यांत आणि रुग्णाच्या सख्ख्या नात्यात त्याचे प्रमाण जास्त असते.

गव्हाशी असलेले याचे नाते डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी उलगडले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये पावाचा दुष्काळ पडला. या आजाराची मुले त्या उपासमारीतही सुधारली आणि पाव पुन्हा मिळू लागताच आजारी पडली. डिके यांनी १९५० मध्ये आपल्या प्रबंधात गहू हेच कारण असल्याचे मांडले.

उत्तर भारतात, जिथे तिन्हीत्रिकाळ गहू आहे, तिथल्या पाहण्यांत शंभरात सुमारे एकाला हा आजार आढळला. दक्षिण भारतात त्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतका. दुधनीचा पट्टा मुळात ज्वारीचा. पण रेशनवर गहू येतो, चहाबरोबर खारी-बिस्किट येते आणि मुलांच्या डब्यात चपाती आली आहे. त्यामुळे ‘हा आपल्याकडचा आजार नाही’ असे म्हणून चालत नाही.

यावर औषध नाही. ग्लूटेन पूर्ण आणि कायमचे बंद करणे हाच उपचार आहे. ‘पूर्ण’ या शब्दापाशीच सगळी अडचण सुरू होते.

चिमूटभर म्हणजे किती?

ज्वारीत ग्लूटेन नसते. बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, वरई, राजगिरा आणि सर्व डाळी यांतही नसते. सोलापूर जिल्हा तर ज्वारीचे माहेरघर. मालदांडी वाणाची प्रसिद्ध निवड मोहोळच्या संशोधन केंद्रावर झाली आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. शहरात लोक जी ग्लूटेनमुक्त पिठाची पाकिटे कित्येक पट दराने विकत घेतात, त्यांतले मुख्य धान्य इथे शेतातच पिकते.

पण ज्वारी दळायला जाते ती त्याच गिरणीत, जिथे आधीच्या गिऱ्हाईकाने गहू दळलेला असतो. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. १०० ग्रॅम गव्हाच्या पिठात साधारण ८ ग्रॅम ग्लूटेन असते. दगडांत, सुपात आणि पीठ पडणाऱ्या पिशवीत आधीचे फक्त ५० ग्रॅम गव्हाचे पीठ राहिले आणि ते ५ किलो ज्वारीत मिसळले, तर प्रत्येक किलो ज्वारीच्या पिठात ८०० मिलिग्रॅम ग्लूटेन जाते. आपल्याकडील अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणायचे असेल तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत राहावे लागते. म्हणजे हे पीठ मर्यादेच्या चाळीस पट झाले.

अशा पिठाच्या एका भाकरीतून सुमारे ६० मिलिग्रॅम ग्लूटेन पोटात जाते. रोजचे ५० मिलिग्रॅम काही महिने जात राहिले तरी आतड्याला इजा होऊ शकते, असे अभ्यास सांगतात. १० मिलिग्रॅमच्या आत राहणे सुरक्षित मानले जाते. १० मिलिग्रॅम ग्लूटेन म्हणजे गव्हाचे पीठ चिमटीलाही भरणार नाही इतके. दिवसाला चार भाकरी खाणारे मूल गहू न खाताही रोज गहू खात असते, ते असे.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात मुळात ग्लूटेन नसलेल्या धान्यांचे आणि पिठांचे बाजारातील २२ नमुने तपासले. त्यांतले ७ मर्यादेबाहेर निघाले.

गिरणीचे काय करावे?

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे स्वतंत्र घरघंटी. तिच्यात गहू एकदाही घालायचा नाही, पाहुण्यांसाठीसुद्धा नाही आणि शेजारणीसाठीसुद्धा नाही. एकट्या कुटुंबाला खर्च झेपत नसेल तर अशी दोन-तीन घरे मिळून, किंवा बचत गटामार्फत, एक घरघंटी घेता येते. घरात जुने जाते असेल तर तेही उत्तम. ते स्वच्छ घासून, धुऊन, वाळवून एका रुग्णाच्या आठवड्याचे पीठ सहज दळता येते. तांदूळ, साबुदाणा, डाळी अशा थोड्या मापाच्या गोष्टींना मिक्सर पुरतो.

काही गिरण्यांत ज्वारीची चक्की आणि गव्हाची चक्की वेगळी असते. तशी असेल तर बरेच काम सोपे होते. तरीही गिरणीवाल्याला स्पष्ट विचारावे : ‘मामा, या चक्कीत गहू कधीच घालत नाही ना? पिशवी, डबा, झाडणी वेगळी आहे का?’ शेजारी गव्हाची चक्की चालू असेल तर हवेतले पीठही उडून बसते. म्हणून सकाळी गिरणी उघडल्यावर पहिले दळण आपले असावे. आपली पिशवी आपण न्यावी.

‘आधी किलोभर ज्वारी दळून ती बाजूला काढा, मग आपले दळा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने भेसळ कमी होते. पण किती कमी होते हे डोळ्यांना दिसत नाही. ही तात्पुरती सोय आहे. आजार नुकताच सापडलेल्या लहान मुलासाठी तिच्यावर विसंबू नये.

पीठ नको, धान्य घ्या

खरेदीचा एकच नियम लक्षात ठेवला तरी पुष्कळ काम होते. धान्य निवडता येते, पीठ निवडता येत नाही. ज्वारीचा दाणा गोल आणि मोत्यासारखा, गव्हाचा लांबट आणि मधे चीर असलेला. शंभर दाण्यांत एक गहू असला तरी ताटात पसरल्यावर तो दिसतो. मळणी यंत्र, पोते, काटा, मापे ही सगळी सामाईक असल्यामुळे असे दाणे येतातच. म्हणून ज्वारी पाखडून, दोनदा निवडून, शक्य तर धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच दळावी. सुट्या डाळींनाही हाच नियम. बेसन विकत न आणता हरभऱ्याची डाळ घरी दळावी.

रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. ओळखीच्या शेतकऱ्याकडून, मळणी यंत्रात गहू जाण्याआधी निघालेली ज्वारी वर्षाची एकदम घेता आली तर ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत शुद्ध.

बाकीचे साहित्य शोधायलाही फार लांब जावे लागत नाही. किराणा दुकानातला उपवासाचा कप्पा म्हणजे जवळपास सगळाच ग्लूटेन नसलेल्या पदार्थांचा : साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाड्याचे पीठ, शेंगदाणे. मात्र इथेही दाणे घ्यावेत, सुटे पीठ घेऊ नये. भगरीच्या पिठात ओलाव्याने बुरशी धरते आणि नवरात्र-महाशिवरात्रीच्या सुमारास त्यातून विषबाधेच्या घटना घडतात. केक-भाकरीला बांधून ठेवणारे इसबगोल औषधाच्या दुकानात मिळते.

पाकीटबंद वस्तू घेताना पुढच्या बाजूची मोठी अक्षरे सोडून मागची बारीक अक्षरे वाचावीत. ‘मल्टिग्रेन’ म्हणजे गहूमुक्त नव्हे. ‘मैदा नाही’ म्हणजेही नव्हे. मैद्याऐवजी त्यात कणीक असू शकते.

नावांचा घोळ

काही पदार्थांत गहू वेश बदलून बसलेला असतो.

खपली गहू : मधुमेहाला चांगला म्हणून त्याचे नाव झाले आहे. पण तो गहूच आहे आणि त्यात ग्लूटेन आहे. या रुग्णांना तो चालत नाही.

रवा, सुजी, मैदा, दलिया, लापशी, शेवया : सर्व गव्हाचे. उन्हाळ्यात घालतो त्या कुरडयाही गव्हाच्या चिकाच्या. तांदळाच्या किंवा साबुदाण्याच्या पापड्या चालतात.

जव आणि जवस : जव म्हणजे सातू, तो वर्ज्य. जवस हे तेलबी आहे, त्याची चटणी चालते. सातूचे पीठ आणि माल्ट घातलेली दुधात मिसळायची पावडर टाळावी.

थालीपीठाची भाजणी आणि मेतकूट : बहुतेक घरांच्या मापात मूठभर गहू असतोच. गहू वगळून वेगळे करावे.

हिंग : हा सर्वांत फसवा. शुद्ध हिंग फार उग्र असतो, म्हणून बाजारातल्या बांधानी हिंगात डिंक आणि पीठ मिसळलेले असते; अनेकदा ते मैद्याचे. फोडणीतून तो वरण, भाजी, लोणचे, पापड, चिवडा असा सगळीकडे पोचतो. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो. पाकिटावरील घटक वाचून तोच घ्यावा. नाही मिळाला तर लसूण-जिऱ्याच्या फोडणीने काही बिघडत नाही.

साठवण : दोन शत्रू

घरात रुग्णासाठी वेगळे धान्य ठेवताना दोन गोष्टींपासून राखायचे असते. एक कीड आणि ओल, दुसरा गहू.

किडीसाठी पहिला उपाय ऊन. दाणा दाताखाली ‘कट’ करून फुटला पाहिजे. नुसता दबला तर तो अजून ओला आहे. वाळलेली ज्वारी सावलीत गार होऊ द्यावी आणि मग पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या कोठीत भरावी. गरम धान्य कोंडले तर आत घाम सुटतो. कोठी जमिनीवर किंवा भिंतीला चिकटून न ठेवता फळीवर ठेवावी. वाळलेला कडुलिंबाचा पाला घालण्याची पद्धत चांगली आहे. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या मात्र घरात आणूच नयेत. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचा जीव घेतो आणि त्यावर उतारा नाही.

पिठाचे आयुष्य धान्यापेक्षा फार कमी. बाजरीच्या पिठातली चरबी हवा लागताच बिघडू लागते, म्हणून ते चार-पाच दिवसांत कडवट होते. ज्वारीचे पीठ खवट व्हायला अधिक वेळ लागतो, पण जुने झाले की त्याची विरी जाते. भाकरी थापताना कडा फाटतात. त्यामुळे आठवड्यापुरतेच दळावे, पावसाळ्यात त्याहून कमी. तांदळाची पिठी कोरड्या डब्यात महिना-दोन महिने राहते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. तेव्हा जास्तीचे पीठ हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवावे आणि वापरण्याआधी डबा न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यावा, म्हणजे आत दव धरत नाही.

गव्हापासून राखण्यासाठी जागा ठरवावी. रुग्णाचे डबे वरच्या फळीवर, कणकेचा डबा खाली. कारण पीठ वरून खाली सांडते, खालून वर जात नाही. डब्यांना एकाच रंगाची पट्टी चिकटवावी. वाचता न येणाऱ्या आजीला आणि पहिलीतल्या नातवालाही तो रंग कळतो. चाळणी, परात, लाकडी पोळपाट-लाटणे आणि तवा वेगळा हवा. चाळणीच्या जाळीत आणि लाकडाच्या भेगांत पीठ अडकते, ते धुऊन जात नाही. स्टीलची भांडी घासून-धुऊन दोघांनाही चालतात. डब्यातला चमचा दुसऱ्या डब्यात जाऊ नये. ज्या तेलात पुऱ्या तळल्या, त्यात रुग्णाचे भजे तळू नये. दोन्ही स्वयंपाक एकाच वेळी करायचे असतील तर आधी भाकरी, मग चपाती.

भाकरीपासून केकपर्यंत

गव्हाची कणीक ताणली जाते ती ग्लूटेनमुळे. त्याची जाळी तयार होते, ती हवा धरून ठेवते आणि पाव फुगतो. ज्वारीत ती जाळी नाही. म्हणूनच आपल्या बायका शेकडो वर्षे गरम पाण्यात पीठ मळत आल्या. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो आणि चिकट होतो. ग्लूटेनचे काम तो थोडेबहुत करतो. भाकरी हा ग्लूटेनशिवाय रोटी करण्याचा मुरलेला, सिद्ध झालेला मार्ग आहे.

केकसाठी हेच तत्त्व वापरायचे. एक वाटी ज्वारीचे पीठ, अर्धी वाटी तांदळाची पिठी, अर्धी वाटी साबुदाण्याचे वस्त्रगाळ पीठ आणि दोन चहाचे चमचे इसबगोल असे मिश्रण चांगले बसते. दूध किंवा ताक घातल्यावर मिश्रण वीस मिनिटे झाकून ठेवावे. इसबगोल पाणी धरते आणि पिठाचा कचकचीतपणा जातो. अंडे चालत असेल तर बांधणी आणखी पक्की होते. बेकिंग पावडरमध्येही स्टार्च असतो, तो मक्याचा आहे ना हे पाकिटावर पाहावे. तिचा डबा ओल्या चमच्याने उघडू नये. गरम पाण्यात चिमूटभर टाकल्यावर फसफसली नाही तर ती निकामी झाली आहे. केक कुकरमध्येही होतो.

ग्लूटेन नसलेला केक किंवा पाव लवकर कोरडा पडतो आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात तर आणखी लवकर. त्याचे काप करून बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत आणि लागेल तेवढेच काढून गरम करावेत.

मात्र सगळा भर तांदूळ, साबुदाणा आणि केकवर जाऊ नये. आधीच रक्त आणि हाडे कमकुवत झालेल्या रुग्णाला लोह, कॅल्शियम आणि चोथा हवा असतो. ज्वारी, नाचणी, डाळी, तीळ, पालेभाज्या हा त्याचा रोजचा आहार, केक वाढदिवसाचा.

घराबाहेर

आहार मोडतो तो लग्नात, प्रवासात आणि शाळेत. इथे सोलापूरची कडक भाकरी कामी येते. ती पातळ थापून, भाजून इतकी वाळवलेली असते की तिच्यात ओलावा उरत नाही, म्हणून ती अनेक दिवस टिकते. कडक भाकरी आणि घरची शेंगाचटणी एवढ्या शिदोरीवर मुलाला एसटीने, रेल्वेने कुठेही नेता येते. विकतची घ्यायची असेल तर पीठ कोणत्या गिरणीतले आणि त्याच तव्यावर चपात्या होतात का, हे आधी विचारावे.

सणावारीही मुलाला नुसते ‘हे खाऊ नको’ म्हणत बसवण्याचे कारण नाही. हिवाळ्यातला हुरडा, संक्रांतीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वेळ अमावास्येची भज्जी, उंडे आणि आंबील हे मुळातच त्याचे पदार्थ आहेत. पुरणपोळी नाही, पण पुरण चालते. तांदळाच्या उकडीचे मोदक चालतात. लग्नातली गव्हाची हुग्गी आणि देवळातला रव्याचा शिरा मात्र नाही. प्रसाद म्हणून कणभरही नाही. ही गोष्ट आजी-आजोबांना डॉक्टरांनीच समोर बसवून सांगितलेली बरी. शाळेत बाईंना लेखी कळवावे. खिचडी तांदळाची असली तरी फोडणीतल्या हिंगाची चौकशी करावी आणि वर्गातले बिस्किट टाळावे.

आधी तपासणी, मग पथ्य

लक्षणे वाचून कोणी स्वतःहून गहू बंद करू नये. या आजाराची तपासणी रक्तातील टीटीजी प्रतिपिंडांनी आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून घेतलेल्या आतड्याच्या तुकड्याने होते. गहू आधीच सोडला असेल तर दोन्ही तपासण्या चुकीने नॉर्मल येऊ शकतात. ज्यांना हा आजार किंवा गव्हाचा दुसरा कोणता त्रास नाही, त्यांनी वजन घटवण्यासाठी ग्लूटेन सोडण्याचे कारण नाही.

निदान पक्के झाल्यावर मात्र सूट नाही, कारण लक्षणे थांबली तरी आतडे आतून झिजत राहू शकते. पथ्य नीट पाळले तर जुलाब काही आठवड्यांत थांबतात, वजन वाढू लागते आणि टीटीजीचा आकडा काही महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतच्या काळात खाली येतो. तो येत नसेल तर मुलाने चोरून बिस्किट खाल्ले का, हा प्रश्न पहिला नसावा. आधी दळण कुठे होते, चाळणी कोणती आणि हिंग कोणता, हे पाहावे. मुलाची उंची वाढायची वर्षे मोजकीच असतात. ती गिरणीतल्या पिठापायी वाया जाऊ नयेत.